पायाखालची नावे : वसईपासून शिवडीपर्यंत

वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चला आज छप्पर नाही. कमानी उभ्या आहेत, भिंतींच्या फटींत झाडांची मुळे शिरली आहेत आणि माथ्यावर उघडे आभाळ आहे. जमीन मात्र बरीचशी शाबूत आहे, आणि ती कबरींच्या दगडांची आहे. माणसाच्या उंचीच्या चौकोनी शिळा एकीला एक लागून बसवलेल्या, प्रत्येकीवर काही ओळी कोरलेल्या, काहींवर घराण्याचे कुलचिन्ह. किल्ला पाहायला आलेली सहल बहुधा त्यावरून सरळ चालत पुढे जाते, कारण पाहणाऱ्याची नजर कमानींवर असते आणि पायाखाली फरशी आहे असे तो धरून चालतो. चारशे वर्षांपूर्वी या शहरात राहिलेल्या माणसांची नावे ज्या जागी आजही वाचता येतात, ती जागा नेमकी हीच आहे.

मेलेल्या माणसाला चर्चच्या जमिनीखाली पुरण्याची रीत पोर्तुगीजांनी युरोपातून आणली. वेदीच्या जितके जवळ, तितके पुण्य अधिक अशी श्रद्धा होती. रोजची प्रार्थना मृताच्या डोक्यावरच चाले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्या नावाने दोन शब्द म्हणावेत अशी अपेक्षा असे. म्हणजे त्या दगडांवरून लोकांचे पाय पडणार हे गृहीतच होते. वेदीजवळची जागा मान्यवरांना आणि देणगीदारांना मिळे, बाकीच्यांना दाराकडची. कोणाचा दगड कुठे आहे एवढ्यावरून त्याचे शहरातले वजन समजते.

वसई पोर्तुगीजांकडे आली ती १५३४ मध्ये, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहाने. पुढची दोनशे वर्षे हे शहर त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होते. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तट, अकरा बुरूज, एक दरवाजा समुद्राकडे आणि एक जमिनीकडे. आत सरदारांची घरे, न्यायालय, रुग्णालय आणि जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती संघाचे स्वतंत्र चर्च व मठ : फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन. एवढ्याशा जागेत इतकी चर्चे का, असा प्रश्न सहलीत हमखास निघतो. प्रत्येक संघाचे आश्रयदाते वेगळे, सणाचे दिवस वेगळे आणि मृतांना पुरण्याची जमीनही वेगळी, हे त्याचे उत्तर. कोणत्या घराण्याने कोणत्या मठाला पैसा दिला हे कागदांइतकेच या जमिनींवरही नोंदले आहे.

वसई रोड स्टेशनवरून रिक्षाने किंवा महापालिकेच्या बसने किल्ल्यात येता येते. २०२४ पासून भाईंदरहून वसईच्या जेटीपर्यंत रो-रो बोटही सुरू झाली आहे. गटाने यायचे असेल तर बोटीने यावे. खाडी ओलांडताना तट हळूहळू मोठा होत जातो आणि हे शहर समुद्राकडे तोंड करून का वसवले ते न सांगता कळते. शिवाय जेटीजवळच दर्या दरवाजा आहे आणि त्याच्या जवळ सेंट जोसेफचे चर्च. शहराचे मुख्य चर्च तेच. त्याचा बुरुजासारखा घंटामनोरा लांबून दिसतो. दारावरच्या शिलालेखात १६०१ हे साल आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, पेद्रू गाल्व्हांव पेरेरा हे इथले 'विकार', म्हणजे मुख्य धर्मगुरू, असताना या चर्चची नव्याने बांधणी झाली, असे तो सांगतो. याच पेद्रू गाल्व्हांव यांचा दगडही आत आहे. ते १६१८ मध्ये गोव्यात वारले, आणि त्यांची हाडे तिथून आणून त्यांनी बांधलेल्या या चर्चमध्ये पुरली. दार आणि कबर ही दोन्ही एकाच माणसाची दोन टोके आहेत. वेळ कमी असेल तर निदान एवढे तरी पाहून परतावे.

दगड वाचायला पोर्तुगीज येत असलीच पाहिजे असे नाही. मजकूर ठरावीक साच्यातला असतो. सुरुवातीला 'आकी जाझ', म्हणजे 'येथे विसावला आहे', किंवा 'सेपुल्तुरा', म्हणजे कबर. मग नाव, त्याचा किंवा तिचा हुद्दा, मग 'फालेसेउ', म्हणजे वारला, आणि शेवटी तारीख. पुष्कळ दगडांवर नावानंतर 'आणि त्याच्या वारसांची' असे शब्द येतात. कबर एका माणसाची नसे, घराण्याची असे. दगड उचलायचा, नवा मृतदेह ठेवायचा आणि तोच दगड पुन्हा बसवायचा, असा तो हक्क होता. अक्षरे रोमन मोठ्या वळणाची, पण जागा वाचवण्यासाठी पाथरवटाने एका अक्षराच्या पोटात दुसरे बसवलेले, शब्द तोडलेले, 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला. पहिले दोन दगड लावायला अर्धा तास लागतो, तिसरा पाच मिनिटांत लागतो. जमलेल्यांतले कोणी ना कोणी 'जनैरू' हा शब्द जानेवारी म्हणून ओळखते आणि मग सगळेच गुडघ्यांवर बसतात. पगार, चावी, बिजागरी, घमेले, लिलाव, नाताळ हे शब्द याच भाषेने मराठीला दिले. त्यामुळे ही अक्षरे वाटतात तितकी परकी नाहीत.

वाचनाला खरी मदत उजेडाची होते. डोक्यावर सूर्य आला की झिजलेली अक्षरे सपाट होऊन जातात. सकाळी किंवा चारनंतर तिरपे ऊन पडले की प्रत्येक रेघेला सावली येते आणि दुपारी कोरा वाटलेला दगड बोलू लागतो. ऊन नसेल तर एकाने बॅटरी जमिनीलगत आडवी धरावी, दुसऱ्याने वाचावे, तिसऱ्याने लिहून घ्यावे. अक्षरांत खडू, पीठ किंवा रांगोळी भरण्याची सवय काही हौशी मंडळींना असते. ती सोडायला हवी. खडू घासताना दगडाची कड जाते, पीठ ओल धरते आणि त्यावर बुरशी वाढते. हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून अशा वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा नसता तरी ज्याच्यावर कोणाचे नाव आहे तो दगड खरवडू नये हे समजण्यासारखे आहे.

किल्ल्यातील सर्वांत बोलके दगड जेझुइटांच्या चर्चमधले आहेत. या चर्चचा दर्शनी भाग वसईत सर्वांत देखणा आहे : खांबांच्या जोड्या, वर त्रिकोणी माथा, दारावर येशूच्या नावाची आद्याक्षरे. संत फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेल्यानंतर जेझुइटांनी येथे चर्च आणि विद्यालय उभारले. आत दोन स्त्रियांच्या कबरी होत्या, असे जुन्या नोंदी सांगतात. जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या पुराणवस्तूंवर १८७६ मध्ये पुस्तक लिहिले, त्या सुमाराला हे लेख उतरवून घेतले गेले, म्हणून ते आज मजकुरासकट ठाऊक आहेत. पहिला इझाबेल द आगियार हिचा. ती विधवा होती, या विद्यालयाची मोठी देणगीदार होती आणि २४ जानेवारी १५९१ रोजी वारली. दुसरा दोना फिलिपा द फोन्सेका हिचा. तीही विधवा. तिने हयातीतच आपले होते नव्हते ते सारे या चर्चला दिले आणि २० जुलै १६२८ रोजी तिने देह ठेवला.

दगडावरचा शब्द 'विउवा'. संस्कृतातून मराठीत आलेला 'विधवा' आणि लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये आलेला 'विउवा' हे एकाच मुळाचे दोन फाटे आहेत. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले शब्द वसईच्या एका जमिनीवर पुन्हा भेटले. शब्दापेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्यामागच्या जगण्याची आहे. वसईचा इतिहास सांगताना कप्तान, गव्हर्नर आणि सरदार यांची नावे येतात. या दोन बायकांची येत नाहीत. नवरा गेल्यानंतर परमुलखात राहिलेल्या, हाती संपत्ती असलेल्या आणि तिचे काय करायचे हे स्वतः ठरवणाऱ्या या स्त्रिया होत्या. तह आणि लढाया यांच्या पुस्तकांत त्यांना जागा नाही. ती जागा दगडाने दिली. मार्गदर्शकाने एखादा बुरूज वगळला तरी चालेल, या दोघींची गोष्ट वगळू नये.

हेच चर्च आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावानेही ओळखले जाते. वसईत जन्मलेला हा तरुण जेझुइटांकडे शिकला, व्यापारासाठी पूर्वेकडे गेला, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढवला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. त्याची कबर वसईत नाही, पण पडक्या भिंतींच्या या चर्चमध्ये अजूनही त्याच्या नावाने भक्त जमतात.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहात शहर सोडून जाणाऱ्यांना सामानासह जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. पोर्तुगीज घराणी गेली. जमिनीतले पूर्वज मागे राहिले. 'त्याच्या वारसांची' असे ज्यावर लिहिले होते त्या कबरींना वारस उरले नाहीत. छपरांची देखभाल संपली आणि पावसाळ्यांनी त्यांचा फडशा पाडला. मराठ्यांच्या बाजूनेही या वेढ्यात हजारो माणसे पडली. त्यांचे दहन झाले, त्यांना दगड नाहीत. चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधलेले वज्रेश्वरीचे देऊळ आहे, पण शिड्या लावताना पडलेल्या शिपायाचे नाव कोणत्याही शिळेवर नाही. वसईत उभे राहून ही दुसरी बाजूही बोलून दाखवायला हवी, नाहीतर दगडावर आहे तेवढाच इतिहास असा समज होतो.

चर्चमधल्या घंटांचे मात्र मुक्काम बदलले. वसई मोहिमेतून हाती आलेल्या घंटा मराठी सरदारांनी घाटावर नेल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, अशी एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हा आकडा दिसतो. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी तटावर आणखी एक आहे, १७२१ ची. 'नारोशंकराची घंटा' हा शब्दप्रयोग तिच्यामुळे भाषेत रुजला. कोकणच्या किनाऱ्यावर मिसेला बोलावणारी घंटा घाटमाथ्यावर आरतीला वाजू लागली. ती वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. तसे न करता तिला तिच्या कामावरच ठेवले गेले, ही बाब मनात धरण्याजोगी आहे. मेणवली किंवा भीमाशंकर आधी पाहिलेल्या माणसाने सेंट जोसेफच्या रिकाम्या मनोऱ्याकडे पाहिले की त्या रिकामेपणाचा अर्थ लागतो.

दगडांवरची पोर्तुगीज वसईत आता कोणी बोलत नाही. वसईचे कॅथलिक मराठीत प्रार्थना करतात, त्यांची सामवेदीसारखी बोली आहे, आणि याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ती भाषा बदललेल्या रूपात जगली ती रायगड जिल्ह्यात. रेवदंड्याला पोर्तुगीज चौलचे अवशेष आहेत. तटाच्या आत पडकी चर्चे आणि 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा मनोरा. तो फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा. खाडीपलीकडे कोर्लई गावात चौलच्या जुन्या वस्तीतून तयार झालेली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली घराघरांत टिकून आहे. गावकरी तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. वसईचे दगड पाहिल्यावर दुसऱ्या सहलीला कोर्लई ठेवावे. लिपीत गोठलेले शब्द तिथे कानावर पडतात.

मुंबईच्या फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर मान वर करावी लागते, कारण इथे नावे भिंतीवर गेली आहेत. इंग्रजांनी या चर्चची पायाभरणी १६७६ मध्ये, गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या काळात केली. काम रखडले आणि कितीतरी वर्षे नुसत्या भिंती उभ्या होत्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवून ते पुरे केले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. तटाच्या ज्या दरवाज्यातून चर्चकडे वाट जाई त्याचे नाव चर्चगेट. दरवाजा पाडला गेला, नाव लोकलच्या फलाटावर राहिले. शहरातले जुने मैलाचे दगड अंतर मोजत तेही याच चर्चपासून.

भिंतींवरची संगमरवरी स्मारके इंग्लंडच्या नामांकित शिल्पकारांकडून करवून आणली. वसईत साच्यातला मजकूर होता. इथे परिच्छेदच्या परिच्छेद आहेत आणि रडणाऱ्या स्त्रिया, झुकलेल्या फांद्या, जहाजे, ढाली आहेत. स्तुती इतकी की माणूस त्याखाली दडून जातो. तरी काही स्मारकांपाशी थांबायला हवे. १८११ मध्ये वारलेला गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या स्मारकावर काशी आणि काठेवाडात त्याने बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. वॉटर्लूनंतर १८१५ मध्ये नेपोलियनने ज्याच्या 'बेलेरोफॉन' जहाजावर शरणागती दिली तो फ्रेडरिक मेटलंड १८३९ मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला, त्याचेही स्मारक येथे आहे. चर्चबाहेरचे कारंजे मात्र पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतले.

कुलाब्याचे अफगाण चर्च त्याहून वेगळे. ते पूर्णच्या पूर्ण स्मारक म्हणून बांधले गेले. सिंध आणि पहिल्या अफगाण युद्धातील मृतांसाठी १८४७ मध्ये पाया घातला, १८५८ मध्ये चर्च खुले झाले, आणि सुमारे साठ मीटर उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो खुणेचा होता. वेदीच्या भिंतीवरील लेखाचा आशय असा : अधिकाऱ्यांची नावे वर लिहिली आहेत, साधे सैनिक मात्र इतके होते की त्यांची नावे लिहिणे शक्य नव्हते. तलवारीने मेले तसे आजारानेही मेले, हेही त्यात प्रामाणिकपणे म्हटले आहे. रंगीत काचांतून उजेड पडतो, फरशी सुंदर आहे, आणि त्या एका वाक्यापुढे दोन्ही फिकी पडतात. नाव कोणाला मिळते आणि कोणाला नाही, याचा इतका उघड कबुलीजबाब दुसऱ्या एखाद्या भिंतीवर क्वचितच असेल.

एकोणिसाव्या शतकात चर्चच्या आत आणि शहराच्या मध्यात पुरणे आरोग्याला घातक ठरू लागले. मरीन लाइन्सजवळचे सोनापूर हे दफनस्थान भरून गेले होते आणि शहर त्याला चहूबाजूंनी वेढत होते. तेव्हा म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याने शिवडीला, पूर्वी जिथे बागबगीचा संस्थेची बाग होती त्या जमिनीवर, १८६५ च्या सुमारास ख्रिस्ती दफनभूमी केली. चर्च आणि कबर यांची फारकत झाली. आता मृताला वेदी नाही, झाडाची सावली आहे. बागेची जुनी झाडी आणि उतार यांमुळे शिवडीत पाऊल टाकताच रस्त्यावरचे ट्रकचे आवाज मागे पडतात.

इथे पंथांचे आणि हुद्द्यांचे भेद आहेत, पण वेदीजवळ आणि दाराजवळ असा चढउतार नाही. बोरीबंदरच्या स्टेशनची इमारत उभारणारा वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० मध्ये हिवतापाने वारला, तो येथे आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा यांचीही समाधी येथेच. माझगावच्या म्हातारपाखाडीत जन्मलेला हा माणूस कॅथलिक आणि टिळकभक्त दोन्ही होता, आणि त्यात त्याला कधी अडचण वाटली नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव एका ओळीत उरकलेले असते. मराठी वाचकाने निदान या कबरीपाशी दहा मिनिटे थांबावे.

शिवडी ही वसईसारखी ओस जागा नाही. आजही इथे माणसे पुरली जातात. गटाने जायचे तर आधी कार्यालयात विचारावे, वीसहून अधिक माणसे एका वेळी नेऊ नयेत, मोठ्याने बोलू नये आणि एखादी अंत्ययात्रा आत येत असेल तर वाटेच्या कडेला थांबून टोपी काढावी. नव्या कबरींची छायाचित्रे घेऊ नयेत. जुन्या कबरीवरचे नाव लिहून घेताना साल आणि जागेची खूणही टिपावी, कारण शिलालेखाचे पोपडे निघाल्यावर ती टिपणेच कामाची ठरतात. वसईच्या दोन विधवांचे लेख तसेच टिकले. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ आणि गवतात साप असतात, म्हणून दोन्ही ठिकाणांना दिवाळीनंतरचे महिने बरे.

त्यातही २ नोव्हेंबरची सकाळ टाळावी, निदान आत जाऊ नये. तो ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याआधीच्या आठवड्यात वसईतल्या गावोगावच्या चर्चच्या आवारात आणि शिवडीत घरची माणसे कुदळ-झाडू घेऊन येतात, गवत उपटतात, कबरींना चुना लावतात. त्या दिवशी झेंडूचे हार पडतात, मेणबत्त्या लागतात, फादर पाणी शिंपडत रांगेतून फिरतात आणि प्रत्येक घर आपल्या माणसाचे नाव मोठ्याने घेते.